देवव्रतच्या ग्रहाची वाट

देवव्रतच्या ज्या पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नाही, ते पत्र जेमतेम दीड पानाचं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पत्र फार लांब होतं अशी सबब लोक देतात आणि मला तेवढीही सोय नव्हती. अक्षरही उत्तम. घाटकोपरच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो तिथेच देवव्रत पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि फळ्यावर लिहून लिहून त्याचं अक्षर असं झालं आहे की शेवटच्या बाकावरूनही वाचता यावं. त्याचं पत्र वाचताना आपण शेवटच्या बाकावर बसलो आहोत असं मला नेहमी वाटतं. पण ते माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

निवृत्त झाल्यावर देवव्रत सावंतवाडीला मुलाकडे गेला. कान गेल्यापासून तो फोनवर बोलत नाही, आणि अंगठ्यानं लिहिलेल्या मजकुराला तो लेखन मानत नाही. म्हणून आमची पत्रं. गार्गीवहिनी गेल्या त्यानंतर त्याची पत्रं आखूड होत गेली. हवापाणी, पाय दुखतो, आंबा यंदा कमी, एवढंच. हे पत्र मात्र वेगळं होतं.

‘मुलानं मला कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला आहे,’ त्यानं लिहिलं होतं. ‘अवकाशाचा आहे. त्यात इतके ग्रह आहेत की पृथ्वीवरची सगळी माणसं जन्मभर हिंडली तरी संपणार नाहीत. म्हणजे शेजार मिळण्याची शक्यता शून्याच्या जवळ. मी एका ग्रहावर समुद्रकाठी घर बांधलं आहे. अजून कोणी आलेलं नाही. तू ये. तुझ्या नावाची नोंदणी मुलाकडून करून घेतली आहे, तपशील खाली देतो. यायचं नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण काहीतरी लिही.’

शेवटच्या वाक्याखाली रेघ होती. देवव्रत रेघा मारणारा माणूस नाही. कॉलेजच्या पुस्तकांत पेन्सिलीनं रेघा मारणाऱ्या मुलांना तो माझ्याआधी ओरडायचा.

आता यावर काय लिहायचं? ‘येत नाही’ असं लिहिणं शक्य नव्हतं. ‘येतो’ असं लिहिणं खोटं ठरलं असतं, कारण मला येता येईल की नाही हेच ठाऊक नव्हतं. पुस्तक न वाचता अभिप्राय देणारी माणसं मी नोकरीभर काउंटरच्या पलीकडे पाहिली आहेत. आपण त्यांच्यातलं होऊ नये एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी बाळगली. तेव्हा आधी जाऊन यायचं आणि मग लिहायचं, असं ठरवलं.

“‘येतो’ एवढं लिहा आणि कार्ड टाका,” जयंती म्हणाली. “मग जा सावकाश.”

“आणि पोचलोच नाही तर?”

“दादरला जातानाही तुमचं हेच असतं,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आमचा मुलगा मिहिर बंगळूरला जाताना त्याचा मोठा कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता. त्यावर जयंती इस्त्रीचे कपडे ठेवायची. कपडे हलवले, धूळ पुसली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कल्पिताला बोलावलं. कल्पिता घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचे हिशेब तपासते, आणि कामातून सुटली की हाच खेळ खेळते असं तिच्या आईनं तक्रारीच्या सुरात सांगितलेलं होतं.

“काका, तुम्ही? हा गेम? झकास,” ती म्हणाली. मग तिनं कॉम्प्युटरच्या मागे डोकावून पाहिलं. “पण मोबाइलच्या नेटवर हा उतरायचा नाही. केबल घ्यावी लागेल. जिन्यातून भिंतीला एक छोटं भोक पाडलं की काम झालं.”

ते वाक्य ती इतक्या सहज बोलली की, ती आमच्या इमारतीत जन्मली, वाढली, तरी सोसायटीच्या सभेला कधी बसलेली नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

आमच्या ‘प्रभातकिरण’ची नुकतीच दुरुस्ती झाली होती. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत पुनर्विकासाची वाट पाहत नसलेली आमची एकच इमारत. बाकीच्यांना बिल्डर मिळाला, आम्हाला कंत्राटदार मिळाला. त्यानं गळतीविरुद्ध गॅरंटी दिली होती आणि त्या गॅरंटीत एक अट होती: भिंतीला कोणी खिळासुद्धा मारायचा नाही. सेक्रेटरी भाऊ रसाळ यांनी ती अट जिन्यात फ्रेम करून लावली आहे. ती फ्रेम खिळ्यावर आहे, पण तो खिळा दुरुस्तीच्या आधीचा आहे, असं भाऊ सांगतात.

मी रीतसर अर्ज केला. विषय: भिंतीस भोक पाडणेबाबत. कारण या रकान्यात खूप विचार करून ‘मित्राची भेट’ असं लिहिलं. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायला रकाना पुरत नव्हता.

कमिटीच्या सभेत मला बोलावलं गेलं. सभा गच्चीखालच्या खोलीत भरते. मी चार माणसांसमोर बोललो की माझा आवाज आत जातो, म्हणून जयंतीनं मला घरून दोनदा म्हणायला लावलं होतं. तिथे गेल्यावर ते सगळं विसरलो.

“भोक किती मोठं?” भाऊंनी विचारलं.

“करंगळी जाईल एवढं.”

“कुणाची करंगळी?” तळमजल्यावरचे हरेश्वर तांडेल म्हणाले. ते गोदीत मुकादम होते. त्यांचा हात पाहिल्यावर प्रश्न रास्त आहे हे सगळ्यांनाच पटलं.

भाऊंनी अर्ज पुढे वाचला. “कारण, मित्राची भेट. मित्र राहतो कुठं?”

“सावंतवाडीला.”

“मग गाडीनं जा ना, करंबेळकर. भिंतीला भोक पाडून सावंतवाडी कशी गाठणार?”

“सावंतवाडीत नाही भेटायचं,” मी म्हणालो. “त्यानं दुसऱ्या एका ग्रहावर घर बांधलंय.”

भाऊंनी अर्ज खाली ठेवला. लोक हसतील अशी मला भीती होती. पण आमच्या उपनगरातल्या माणसाला घर म्हटलं की पुढचं सगळं गंभीर वाटतं.

“स्वतंत्र?” तांडेलांनी विचारलं.

“हो. समुद्रकाठी.”

“कार्पेट किती?”

“ते त्यानं लिहिलेलं नाही.”

“विचारून घ्या. नंतर सगळे बिल्ट-अप सांगतात.” तांडेल खुर्चीत पुढे सरकले. “आणि समुद्रकाठी लोखंड टिकत नाय. सांगा त्यांना, ग्रिल ॲल्युमिनियमचं घ्या म्हणावं.”

“पाण्याचं काय?” भाऊ म्हणाले. “टँकर लागतो का?”

अर्धा तास देवव्रतच्या घरावर चर्चा झाली. वास्तू, वारा, शेजार नसल्याचे फायदे. शेजार अजिबात नाही हे ऐकून दोघांनी उसासा टाकला. शेवटी भोकाचा विषय निघाला तेव्हा वेळ संपली होती, आणि कंत्राटदाराचं लेखी मत मागवावं असं ठरलं. कंत्राटदार तेव्हा गावी गेला होता. तो बराच काळ गावी असतो.

वाट पाहायची म्हणजे वाचायचं, एवढंच मला येतं. त्या खेळाचे जगभरचे खेळाडू आपापले अनुभव एका ठिकाणी लिहितात आणि नवख्यांना सल्ले देतात. कल्पितानं ते सगळं छापून आणून दिलं. मी ते दिवाणावर आडवा होऊन वाचत असे. खरं सांगायचं तर इतकं चांगलं प्रवासवर्णन मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. कोणी हिरव्या वादळात अडकून गुहेत बसून राहिला होता. कोणाला एका ग्रहावर एकच प्राणी सापडला, आणि तो प्राणी त्याला घाबरत होता, म्हणून हा ग्रह सोडून गेला. एका बाईनं लिहिलं होतं की तिचं यान बिघडलं तेव्हा कोणी अनोळखी माणूस आला, इंधन ठेवून एक शब्द न बोलता निघून गेला. हे वाचताना मला त्या माणसाचा हेवा वाटला. एक शब्द न बोलता निघून जाणं मला जमलं असतं.

सल्ले बहुतेक सगळ्यांचे सारखे होते. घाई करू नका. सामान साठवू नका. पहिल्या ग्रहावर जीव लावू नका. हे तिन्ही सल्ले मी समजून घेतले, समासात खुणाही केल्या. सल्ला समजणं आणि तो पाळणं यांत किती अंतर असतं हे ग्रंथपालाला ठाऊक असायला हवं. योगासनांची पुस्तकं कोण नेतं हे त्यानं पाहिलेलं असतं.

शेवटी भोक पडलंच नाही. केबल लावायला आलेल्या माणसानं बाथरूमच्या खिडकीची एक काच सरकवून वायर आत घेतली आणि तो निघून गेला. वायर तिथून जेवढी पोचली तेवढ्यावर, म्हणजे बाथरूमच्या दारासमोरच्या बोळात, कॉम्प्युटर मांडावा लागला. मी अवकाशात गेलो तो तिथून. जयंती बादली घेऊन आली की म्हणायची, “पाय वर घ्या,” आणि मी अनोळखी सूर्याखाली पाय वर घेऊन बसायचो. सोसायटीची परवानगी त्यानंतर आली. तीत भोक पाडून झाल्यावर ते बुजवून घेण्याची अट होती.

खेळ सुरू झाला की तुम्ही एका ग्रहावर जागे होता. शेजारी तुमचं यान मोडून पडलेलं असतं. इकडून तिकडून वस्तू गोळा करून ते दुरुस्त करायचं आणि निघायचं. माझा ग्रह तांबूस होता. गवत करड्या रंगाचं, आणि मांजराएवढे, सहा पायांचे काही प्राणी. ते मला पाहून बाजूला व्हायचे. मीही व्हायचो. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

यान दुरुस्त व्हायला वेळ लागला पण झालं. मग लक्षात आलं की ते उडवायला इंधन लागतं, आणि उतरून पुन्हा उडवायचं तर पुन्हा तेवढंच लागतं. जवळच्या जवळ जायलाही पूर्ण किंमत. स्टेशनला जायला मी कधी रिक्षा केलेली नाही. पाऊस असला तर छत्री आहे. समोर जो डोंगर दिसत होता तिथवर जायला इंधन जाळणं मनाला पटेना. मी चालत गेलो. तिथून पुढचा डोंगर दिसला. तिथेही गेलो.

कल्पिता एका रविवारी डोकावली.

“काका, तुमचं यान कुठंय?”

“मागे आहे. नीट ठेवलंय.”

तिनं नकाशा उघडला आणि यानापासून माझ्यापर्यंत बोट फिरवलं. “तुम्ही इथपर्यंत चालत आलात?”

“समोरच तर होतं.”

“काका, ह्या ग्रहाला चालत फेरी मारायची तर तुम्हाला दुसरा जन्म घ्यावा लागेल. आणि तुमच्या मित्राचा ग्रह दुसऱ्याच ताऱ्याजवळ आहे ना?”

“म्हणूनच इंधन वाचवतोय,” मी म्हणालो.

मग तिनं माझी पिशवी पाहिली. खेळात तुमच्या अंगावर एक पिशवी असते, तिला मर्यादित कप्पे असतात. माझे सगळे भरलेले होते. माती, तीन प्रकारचा चुरा, वाळकी पानं, गंजलेले तुकडे, आणि त्या सहा पायांच्या प्राण्यांची विष्ठा.

“हे काय साठवलंय?”

“लागेल.”

“कशाला लागेल?”

“ते लागल्यावर कळेल.”

“माळ्यावर चढून बघ गं कल्पिता,” स्वयंपाकघरातून जयंती म्हणाली. “तिथं गेली चाळीस वर्षं हाच गेम चालू आहे.”

पिशवीत जागा नसल्यामुळे इंधनाचा जो मुख्य पदार्थ, तो मला उचलताच आला नव्हता. मी त्याच्यावरून रोज चालत जात होतो. कल्पिता बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, “टाका एकेक.” एखादी वस्तू टाकायची म्हटली की तो खेळ विचारतो, नक्की टाकायची ना? असं कोणी विचारल्यावर सभ्य माणूस ‘हो’ कसं म्हणणार? मी प्रत्येक वेळी कल्पिताकडे बघायचो. ती मान हलवायची. वाळक्या पानांच्या वेळी मी खेळ बंद करून चहा करायला गेलो.

असं करता करता दिवाळी आली. देवव्रतचं पत्र दिवाळीला न चुकता येतं. यंदा आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, पाडव्याला नाही, भाऊबीज झाली तरी नाही. जयंती त्याआधी रोज मला विचारायची, “लिहिलंत?” आता ती विचारेनाशी झाली. पत्रांची पेटी उघडून ती नुसती बंद करायची. तिचं बोलणं थांबलं की आपलं काही खरं नसतं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. देवव्रत तिकडे समुद्रकाठी घर बांधून बसला होता आणि त्यानं एकालाच बोलावलं होतं. त्या एकानं इतक्या महिन्यांत होही म्हटलं नव्हतं नि नाहीही. मी त्याच्या जागी असतो तर काय समजलो असतो ते मी जयंतीला सांगितलं नाही. तिनंही ते मला सांगितलं नाही.

वाळकी पानं टाकली, इंधन भरलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी यान उडवलं.

तांबडा ग्रह खाली लहान होत गेला. त्या प्राण्यांपैकी एखादा वर बघत असेल का असं मनात आलं. पण त्यांचा तसा स्वभाव नव्हता. वाटेत एक अवकाशस्थानक लागतं, तिथे थांबून पुढच्या उडीची तयारी करायची असते. स्थानकातून बाहेर पडताना समोरून एक यान आत येताना दिसलं. मी थांबलो. त्याच्यामागे दुसरं होतं, त्यालाही येऊ दिलं. मग तिसरं. जयंती दोनदा बादली घेऊन गेली, परत आली. संध्याकाळी कल्पितानं सांगितलं की ती यानं खेळातलं यंत्र सोडत असतं आणि ती कधी संपत नाहीत.

“तुम्ही दुपारभर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत होता?”

“समोरच्याला घाई असेल असं वाटलं.”

“काका, त्यांच्यात कोणी नाहीये.”

“ते मला कसं कळणार? काच काळी आहे.”

ती माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, “निघा.” मी निघालो. कोणाला धक्का लागला नाही. त्यानंतर मी एकदा चुकीच्या ताऱ्याकडे गेलो, एकदा बरोबर ताऱ्याच्या चुकीच्या ग्रहावर उतरलो आणि तिथे अर्धा तास देवव्रतला शोधत आम्लाच्या पावसात फिरलो. ही चूक वेगळी सांगण्यासारखी नाही. मुलुंड पूर्वेऐवजी पश्चिमेला उतरलेल्या पाहुण्यांनी असंच केलेलं मी पाहिलं आहे.

देवव्रतचा ग्रह समोर दिसू लागला तेव्हा एक अडचण ध्यानात आली. मी कोणाच्या घरी पहिल्यांदाच जात होतो आणि माझे हात रिकामे होते.

“काय होतं त्यानं?” कल्पिता म्हणाली.

“काही नाही होत,” मी म्हणालो, “पण जात नाहीत तसं.”

“काही नाही तर निदान एखादं झाड न्या,” आतून जयंती म्हणाली. तिनं इतक्या महिन्यांत खेळात घातलेलं हे पहिलं लक्ष. वाटेतल्या एका चंद्रावर निळसर प्रकाश देणारी रोपं होती. मी एक काढून कुंडीत घेतलं. त्याला आणखी एक दुपार गेली, पण ती दुपार वाया गेली असं मला अजूनही वाटत नाही.

देवव्रतचं घर लहान होतं. एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या दोन खुर्च्या. समुद्र जांभळा होता. दार उघडं होतं. देवव्रत नव्हता, दुपारी तो झोपतो हे मला आठवायला हवं होतं. घरात भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट होतं. त्या खेळात पुस्तकं नाहीत, म्हणून त्यानं रंगीत ठोकळे रचून ती केली होती. मी जवळ गेलो. ठोकळे उंचीप्रमाणे लावलेले होते, विषयाप्रमाणे नाही. कॉलेजात आमचं यावरून भांडण व्हायचं.

एका खुर्चीवरून समुद्र पूर्ण दिसत होता, दुसरीवरून अर्धा. ज्या खुर्चीवरून पूर्ण दिसतो ती कोणासाठी असेल हे मला त्याला विचारायचं नव्हतं.

कल्पिता तेव्हा कामावर, म्हणजे वरच्या मजल्यावर होती. मी एकटाच होतो. झाड खोलीत पूर्वेच्या भिंतीशी ठेवावं म्हणून कुंडी हातात घेतली. ठेवण्याची कळ कोणती ते आठवेना. सल्ल्यांच्या कागदांत होतं, पण ते जयंतीनं डब्यांखाली अंथरले होते. अंदाजानं एक कळ दाबली. काही झालं नाही. म्हणून दाबून धरली.

पूर्वेची भिंत नाहीशी झाली.

पडली नाही, नाहीशी झाली. आवाजसुद्धा साधा झाला, झाकण उघडल्यासारखा. समोर उघडा जांभळा समुद्र, आणि देवव्रतच्या घराची एक बाजू मोकळी. त्या भिंतीच्या आधारानं असलेलं अर्धं कपाटही गेलं.

मी लगेच ती परत बांधायला घेतली. खेळ विटांऐवजी तयार भाग देतो, ते उचलून जागी बसवायचे. पहिला भाग हवेत लटकला. दुसरा तिरका बसला. पुढचे मी कडेकडेनं लावत गेलो आणि मागे होऊन पाहिलं तेव्हा त्यांचा जिना झाला होता. चांगला मजबूत जिना, खोलीतून निघून आकाशात संपणारा. मी तो काढायला गेलो; पण आता ती कळ पुन्हा दाबण्याचा मला धीर होईना. घराच्या अजून तीन भिंती होत्या.

कल्पिताला बोलावलं. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसू दाबण्यासाठी थोडा वेळ बाथरूमच्या नळाकडे बघत राहिली.

“दुसऱ्याचं घर असं पाडता येत नाही काका. गेम पाडू देत नाही.”

“मग माझ्या हातून कसं पडलं?”

तिनं कुठेसं दाबून पाहिलं. “त्यांनी तुम्हाला फुल परमिशन दिलीय. घरच्या माणसासारखी. पार सुरुवातीपासून दिलेली आहे.”

मी पडद्यावरच्या त्या दोन खुर्च्यांकडे बघितलं.

“ते आत आले की त्यांना कळेलच,” ती म्हणाली. “कोणी काय काढलं ते लिहून येतं तिथं. तारीख, नाव.”

“काय लिहून येईल?”

“‘करंबेळकर यांनी भिंत काढली.’ इंग्लिशमध्ये.”

जयंती पदराला हात पुसत बोळात येऊन उभी राहिली होती. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. इतके महिने उत्तर न देणारा मित्र एका दुपारी येऊन भिंत काढून गेला, असं देवव्रत वाचणार होता. आणि तो रोज संध्याकाळी तिथे जातो, हेही कल्पितानं कुठूनसं काढून सांगितलं.

“मी त्यांना मेसेज टाकू का? ‘सॉरी’ म्हणून?”

“नको,” मी म्हणालो. “एका शब्दात भिंत गेली म्हणून कसं सांगायचं?”

“मग काय करणार?”

“कागद आणते,” जयंती म्हणाली.

मी टेबलाशी बसलो. पहिल्या मसुद्यात मी इमारतीच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि तीन पानं झाली तरी केबल आत आली नव्हती. दुसऱ्यात नुसती क्षमा होती, जयंतीनं ती वाचून “कोणी गेलंय का?” विचारलं. तिसऱ्यात मी कपाटातल्या ठोकळ्यांबद्दल मतं मांडली होती, ती तिनं खोडून काढायला लावली. संध्याकाळ व्हायला आली. सावंतवाडीला एव्हाना देवव्रतचा चहा झाला असेल. मग मी एवढंच लिहिलं:

‘प्रिय देवव्रत, तुझ्या घरी येऊन गेलो. तू नव्हतास. घर फार छान आहे, खुर्च्या बरोबर जागी ठेवल्या आहेस. तुझ्यासाठी एक झाड आणलं होतं, ते खाली ठेवताना पूर्वेची भिंत माझ्या हातून गेली. मी ती परत बांधून पाहिली. त्यातून जो जिना झाला आहे त्यावर चढू नकोस, तो कुठेच जात नाही. मला भिंत बांधता येत नाही आणि इथे शिकवणारं कोणी नाही, कल्पिता हसते. येत्या रविवारी दुपारी तू झोपला नाहीस तर मी येतो. तू दाखव, मी सामान हातात देत जाईन. यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहेच. तुझा, वसंत.’

“कोपऱ्यावरच्या पेटीत टाकू नका,” जयंती म्हणाली. “ती कधी उघडतात देव जाणे. पोस्टात जाऊन स्पीडपोस्ट करा. आणि रिक्षानं जा, बंद होईल.”

मी रिक्षानं गेलो. पोस्टात रांगेत माझ्यापुढे एक बाई फराळाचा डबा कुठेतरी पाठवत होत्या. माझ्यामागे एक गृहस्थ घाईत आल्यासारखे दिसले, पण मी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट हातात घेऊन काट्यावर ठेवलं.

“आत काय आहे, काका?”

“पत्र.”

“डॉक्युमेंट वगैरे?”

“नाही. नुसतं पत्र.”

तिनं पत्ता वाचला, पिनकोड मागितला, तो मला पाठ होता. मग तिनं चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.